आईच्या पानावरचा फोटो

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सूचनांचे तक्ते बनवतो. यंत्र कसं सुरू करायचं, कुठला खटका आधी दाबायचा, हात कुठे घालायचा नाही, असले तक्ते. प्रत्येक सूचनेशेजारी एक फोटो असतो. फोटो मीच काढतो, वर्डमध्ये मीच बसवतो आणि छापून, प्लास्टिकमध्ये घालून यंत्राशेजारी मीच टांगतो. नवरा काय करतो असं कोणी विचारलं की बायको सांगते, "फोटो चिकटवतात." तिचं चुकत नाही, पण ऐकायला बरं वाटत नाही.

कारण फोटो चिकटवणं सोपं नाही. ज्याने कधी केलेलं नाही त्याला हे पटणार नाही, आणि ज्याने केलंय त्याला सांगायची गरज नाही. फाइलमध्ये टाकलेला फोटो नुसता पानावर पडलेला नसतो, तो एका परिच्छेदाला बांधलेला असतो. फोटोवर टिचकी मारली की समासात बारीकसा नांगर दिसतो. तो ज्या परिच्छेदाशेजारी दिसेल, त्या परिच्छेदाचा तो फोटो. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही मुकाट्याने त्याच्यामागोमाग जातो. परिच्छेद खोडला तर फोटोही जातो, आणि माणूस मग डोकं धरून बसतो. नव्या पानावर गेल्यावर फोटोने बसायचं कुठे, तेही ठरवून देता येतं: त्या परिच्छेदाला लागून, की पानाच्या बरोबर मध्यावर. मी बहुधा पानाचा मध्य ठरवून देतो. दिसायला नीटनेटकं दिसतं.

आमच्याकडे यंत्रांवर काम करणारे बरेच जण बेळगाव-कोल्हापूरकडचे आहेत. एकदा मी एका तक्त्यात वर एक ओळ वाढवली आणि खटका बंद असल्याचा फोटो सरकून "यंत्र सुरू करा" या सूचनेशेजारी जाऊन बसला. पाळीवरच्या माणसाने खटका बंद केला आणि यंत्र सुरू होण्याची वाट बघत उभा राहिला. मी म्हटलं, अहो, शेजारी काय लिहिलंय ते वाचायचं ना. तो म्हणाला, "लिहिल्यालं कोण वाचतंय साहेब? फोटू सांगतोय तसं करायचं." तेव्हा मला राग आला होता, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. माणूस आधी फोटो बघतो, आणि फोटो नसला तर पान उलटून पुढे जातो.

एवढं सगळं सांगायचं कारण बाबांचं पुस्तक.

बाबा दशावतारी नट. दशावतारात बायकांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि बाबा तरुणपणी त्याच करायचे. पेडण्यातल्या आमच्या गावच्या मंडळीत ते राणी असत. पुढे आवाज जड झाला, मग ते राजे आणि ऋषी झाले. आता ते माझ्याकडे मयेला असतात. पाय अधू झालेत, जीभ ठणठणीत आहे. गावच्या जत्रेत त्यांचा सत्कार करायचं ठरलं, आणि देवळाच्या समितीतल्या कोणाच्या तरी डोक्यात आलं की त्याच दिवशी त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघावं. "तुमचा मुलगा कंप्युटरवरच असतो ना," असंही कोणी तरी म्हणालं, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

दर रविवारी सकाळी आम्ही बल्कांवात बसायचो. बल्कांव म्हणजे घराच्या पुढच्या दारापाशी दोन्ही बाजूंना बसायला बांधीव बाक, म्हणजे सोपे, असतात ती जागा. बाबांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं, असा बेत. बेत चांगला होता. पण मी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती.

दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. दुपारची जेवणं झाली की मंडळीतला वडीलधारा त्या दिवसाची कथा सांगतो, कोणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि पुढचं सगळं ज्याचं त्याने उभ्या उभ्या बोलायचं. कालच्या गावात टाळ्या घेतलेलं वाक्य आजच्या गावात तसंच म्हटलं तर मंडळीतलेच लोक नाक मुरडतात. या शिस्तीत आयुष्य काढलेल्या माणसाला छापील मजकूर ही चीज समजावणं म्हणजे डोक्याला ताप होता. मी टाइप केलेलं प्रकरण वाचून दाखवायचो. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरें आसा. आतां दुसरें सांगतां." हकिकत तीच, पण सुरुवात वेगळी आणि शेवटही वेगळा. मी म्हणायचो, बाबा, गेल्या रविवारी तुम्ही सांगितलं की फेरीबोट बंद म्हणून सगळी मंडळी वळसा घालून चालत गेली, आणि आज म्हणता फेरीवाल्याने फुकट पलीकडे सोडलं.

"त्या आयतारा फेरी बंद आशिल्ली," ते शांतपणे म्हणायचे. "आयज चालू आसा."

मला हसू यायचं नाही. त्यांचं एक वाक्य बदललं की मजकूर खाली-वर व्हायचा आणि माझे फोटो गाव सोडल्यासारखे हिंडायला लागायचे. बाबांनी पत्र्याच्या डब्यातून मला बरेच फोटो काढून दिले होते. पेटीवाला, पखवाजवाला, तलवार उगारलेला राजा, मंडळीचा ट्रक, त्या ट्रकावर चढून बसलेली सगळी मंडळी. ट्रकाने चढणीवर कसा दगा दिला या मजकुराशेजारी एकदा ध्यानस्थ ऋषी येऊन बसला. मी सगळे फोटो एकाच मापाचे केले, सगळ्यांना पानाचा मध्य ठरवून दिला आणि फोटोखालच्या ओळी अगदी शेवटी, सगळं जागच्या जागी बसल्यावर घालायच्या असं ठरवलं. कारखान्यात मी असंच करतो. घाईने ओळी घातल्या की त्या एकीकडे आणि फोटो दुसरीकडे, असं होऊन बसतं.

त्या डब्यात राणीचाही एक फोटो होता. काळा-पांढरा, दुपारच्या उन्हात देवळाच्या खांबाशी काढलेला. म्हापशाहून आलेल्या कोणा फोटोग्राफरने काढला आणि त्याच्या प्रती तेव्हा गावात कितीतरी घरांत लागल्या, असं बाबा म्हणाले. नऊवारी, नथ, अंबाडा, मान किंचित कलती, आणि पदराची कड दोन बोटांत धरलेली. बायकोने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मामंजी माझ्याहून बरे दिसतात." मी तो स्कॅन केला आणि स्त्रीभूमिकांच्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदाला बांधून टाकला.

त्या प्रकरणानंतर आईचं पान होतं.

"तिचें एक पान जाय," म्हणजे हवंच, असं बाबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ते पान त्यांनी एकदाच सांगितलं आणि मग त्यात एका शब्दाचाही बदल केला नाही. मी वाचून दाखवायला लागलो की "कळता माका, फुडें वच" म्हणायचे. ती इब्रामपूरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला नाटक-बिटक काही ठाऊक नव्हतं. आपल्या लुगड्यांतलं चांगलं लुगडं ती नवऱ्याच्या पेटाऱ्यात घालायची आणि स्वतः विटकं नेसायची. शेजारणी चिडवायच्या की तुझा घोव तुझ्याहून देखणी बाईल दिसतो, तेव्हा ती हसायची. अर्ध्या पानाचा मजकूर. उरलेल्या अर्ध्या पानात तिचा फोटो यायचा होता, आणि फोटो नव्हता.

म्हणजे कुठेच नव्हता. लग्नातला एक होता. तो भिंतीवरच ओल लागून गेला. मी पाहिला तेव्हा काचेआड पिवळं धुकं उरलं होतं आणि बाबांची टोपी. मी सात वर्षांचा असताना आई काविळीने गेली. मला तिचे पाय आठवतात, जोडवी घातलेले, वर लुगड्याचा भिजलेला काठ. त्याच्या वर काही नाही. याचं मी कधी दुःख केलं नाही. जे आठवतच नाही त्याचं दुःख कसं करतात ते मला कळलेलं नाही.

म्हणून मी बाबांना सरळ सांगितलं, फोटो नाही तर नाही, नुसता मजकूर जाऊ दे.

बाबांनी मला राजाच्या आवाजात विचारलं, "पेटीवाल्याचो फोटो आसा. पखवाजवाल्याचो आसा. ट्रकाचो आसा. आनी तिचो ना?"

"जागा दवर," ते म्हणाले. "मेळटलो." मिळेल म्हणे. मी पानाच्या मध्यावर, बाकीच्या फोटोंच्याच मापाची, एक रिकामी चौकट काढून ठेवली.

मग शोध सुरू झाला. बाबा फोनवरून गावातल्या जुन्या लोकांना भंडावून सोडत होते, आणि मी एका सुट्टीच्या दिवशी इब्रामपूरला मावशीकडे गेलो. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिने मला आधी जेवायला घातलं आणि मग सांगितलं की आका फोटोला उभीच राहायची नाही. "फोटो काडपी आयलो काय ती चुलीकडे. माका धूर जाय, फोटो नाका, म्हणटाली." तरी मामाच्या लग्नातला एक फोटो तिने कपाटाच्या तळातून शोधून काढला. घरासमोर अख्खं वऱ्हाड उभं. मागच्या रांगेत, दाराजवळ, मावशीने बोट ठेवलं. "ही आका."

तिथे फेटा बांधलेला एक माणूस उभा होता. आई त्याच्या मागे होती. तिचं कोपर दिसत होतं आणि खांद्यावरच्या लुगड्याचा एक तुकडा. तो माणूस कोण, हे मावशीलाही सांगता येईना. फेटा मात्र फार स्वच्छ आला होता, एकेक पीळ मोजून घ्यावा इतका. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

मी फोनवर त्या फोटोचा फोटो घेतला, मोठा केला आणि बाबांना दाखवला. बाबांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "कोंपर तिचोच," ते म्हणाले. मग फोन परत दिला. "पूण लोकांनी कोंपर पळोवन कितें करचें?"

जत्रा जवळ आली होती. डिचोलीतल्या छापखानेवाल्याने फाइल नुसती चाळली आणि आईच्या पानावर येऊन थांबला. रिकामी चौकट छापली तर लोक म्हणतील छापताना चूक झाली, आणि नाव छापखान्याचं खराब होईल, असं त्याचं म्हणणं. "गुलाब घालूया," तो म्हणाला. "नाहीतर समई. माझ्याकडे एक फार छान समई आहे." मला त्यात वावगं काही वाटलं नाही. श्रद्धेच्या पानावर समई असतेच. घरी येऊन मी बाबांना तसं सांगितलं.

"ती काय समई आसली?"

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी पोदेर सायकलचा हॉर्न वाजवत पाव घेऊन आला तेव्हा एक उंडो चहात बुडवून खाल्ला, तोही भिंतीकडे बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निकाल दिला. फाइल छापायला द्यायच्या दिवसापर्यंत फोटो मिळाला तर मिळाला, नाहीतर ते पान काढून टाकायचं. अख्खं. बिनफोटोचं पान कोणी वाचत नाही, लोक अंगठ्याने उलटून पुढे जातील आणि ते त्यांना सहन होणार नाही. "तिका कोणें उलटून उडोवंक नाका," असं ते म्हणाले. "ताच्यापरस नाका तें पान."

मला हे पटलं नाही, आणि पटलं नाही याचं मलाच नवल वाटलं. तसा मी कामाचा माणूस. गिऱ्हाईक काढ म्हणालं की काढायचं. पण ते अर्धं पान म्हणजे आईबद्दल या जगात कुठेही लिहिला गेलेला एकमेव मजकूर होता. तेही खोडलं की ती कशातच उरत नव्हती. मी बाबांशी वाद घातला. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्याशी वादात मी कधी जिंकलेलो नाही, त्यांची सगळी हयात त्यात गेली आहे.

फाइल द्यायचा दिवस आला. मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि डिचोलीला छापखान्यात जाऊन बसलो. फाइल त्यांच्या संगणकावर उघडली. आईच्या पानापर्यंत आलो. मजकूर निवडला, आणि बोट खोडायच्या कळीवर ठेवून बसून राहिलो. तेवढ्यात बाबांचा फोन आला. मला वाटलं, फोटो मिळाला.

पण त्यांना एक वाढवायचं होतं. स्त्रीभूमिकांच्या प्रकरणात. "राणयेच्या फोटोच्या वयर घाल," असं म्हणून त्यांनी आईबद्दलची दोन-तीन वाक्यं सांगितली: लुगडं नेसायला मला तिने शिकवलं, माझ्या कमरेला हात घालून, हसत हसत. चालायला, उभं राहायलाही तिच्याचकडून शिकलो, पण ते तिला कधी कळलं नाही. मी तिच्याकडे बघत बसायचो आणि तिला वाटायचं हा रिकामटेकडा आहे. ही वाक्यं मी तिथे टाइप केली. मागे लग्नपत्रिकेवाला एक जण खोळंबून उभा होता आणि छापखानेवाला घड्याळाकडे बघत होता. आता या वाक्यांत आई आलीच आहे, तर तिचं पान काढू नका असं बाबांना एकदा शेवटचं म्हणून बघावं, असं माझ्या मनात आलं. मी पान न खोडता सगळ्या पुस्तकाची एक कच्ची प्रत छापून मागितली, न बघताच पिशवीत घातली आणि घरी आलो.

घरी मावशी आलेली होती. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून जत्रेला जायचं होतं. बाबा बल्कांवात आपल्या खुर्चीत होते आणि मावशी समोरच्या सोप्यावर पाय पसरून बसली होती. मी प्रत तिच्या मांडीवर ठेवली आणि हातपाय धुवायला आत गेलो. मावशी शाळेत गेलेली नाही. ती पुस्तक नुसतं फोटो बघायला घेते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आपल्याला लांबचं-जवळचं सगळं लख्ख दिसतं असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आत मला तिचा आवाज ऐकू येत होता. "हो पेटीवालो. मेलो बापडो. आनी हो कोण? हां, तुमचो तो ट्रक."

मग ती ओरडली, "आका!"

मी ओल्या हातांनीच बाहेर आलो. मावशीने पान दोन्ही हातांनी धरलं होतं आणि अंगठ्याने ती कागद कुरवाळत होती. "खंय मेळ्ळो रे तुका हो फोटो? माका तूं म्हणटालो एकूय ना म्हणून!"

मी वाकून पाहिलं. काय झालंय ते मला तत्काळ कळलं, हा माझा धंदाच आहे. बाबांच्या नव्या वाक्यांनी प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद पानाबाहेर ढकलला होता. तो पुढच्या, म्हणजे आईच्या, पानाच्या माथ्यावर गेला होता आणि आपल्याला बांधलेला राणीचा फोटो बरोबर घेऊन गेला होता. आणि सगळ्या फोटोंना मी पानाचा मध्य ठरवून दिलेला असल्यामुळे राणी नेमकी आईसाठी ठेवलेल्या रिकाम्या चौकटीवर जाऊन बसली होती. मापही तेच. केसभरही फरक नव्हता.

"मावशे, तो चुकून तिथे आलाय," मी म्हटलं. "तो बाबांचा फोटो आहे."

"कसलो बाबांचो? माका माजी आका कळना?"

"हाड पळोवंया," म्हणत बाबांनी खुर्चीतून हात पुढे केला. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी पान उन्हात धरलं आणि म्हणाले, "हांव गो तो. राणी करतालों तेन्नाचो."

मावशीने प्रत परत मागून घेतली. आता ती हसेल असं मला वाटलं, किंवा वरमेल. ती बघत राहिली. हनुवटी बघितली, नथ बघितली, पदर धरलेली बोटं बघितली.

"तुमी आसतलेत, भावजी," ती म्हणाली. "पूण हांगा उबी आसा ती आका. दारांत रावून बायलांकडे उलयताना ती अशीच रावताली. मान अशीच. कोणें कितेंय म्हटलें काय पदर असोच दोन बोटांनी धरताली." तिने आपल्या पातळाचा पदर तसा धरून दाखवला. तिला जमला नाही. फोटोत मात्र तो बरोबर धरलेला होता.

बाबांना हयातभर लोकांनी नावाजलं होतं. अख्ख्या पेडण्याने सांगितलं होतं की तुमची राणी खरी बाईच वाटते. कोण कुठे काय म्हणालं ते बाबा मिटक्या मारत सांगतात, थोडं मीठमसाला लावूनही सांगतात. आता मात्र ते खुर्चीतून पुढे वाकले. मग त्यांनी मावशीला विचारलं, "खरेंच गो?"

"खरेंच," मावशी म्हणाली.

बाबा रडले. त्यांना रडताना मी रंगमंचावर पुष्कळदा पाहिलंय. तिथे ते हातवारे करून, पखवाजाच्या ठेक्यावर रडायचे आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. हे तसलं रडणं नव्हतं. त्यांचं नाक गळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी आतून टॉवेल आणून दिला, तोही ते नुसता हातात धरून बसले.

"हालोवं नाका तिका," थोड्या वेळाने ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, अख्ख्या गावाला तुमचा चेहरा ठाऊक आहे. हा फोटो राणीचा म्हणून लोकांच्या घरांतून लागलेला होता. बायकोच्या पानावर नवऱ्याचाच फोटो, तोही लुगड्यातला. जत्रेत लोक हसतील.

"हांसूं दी," बाबा म्हणाले. "ते उलटून तरी वचचे ना." निदान पान उलटून पुढे जाणार नाहीत म्हणे. आणि मग कामाचं बोलल्यासारखं, "सकयल तिचें नांव घाल."

"तिचं नाव, आणि भूमिकेत तुम्ही, असं?"

"ना. फकत तिचें नांव."

त्या संध्याकाळी मी छापखान्यातून पेनड्राइव्हवर आणलेली फाइल लॅपटॉपवर उघडून ते पान समोर घेतलं. हा फोटो मीच स्कॅन केला होता, कितीदा इकडून तिकडे हलवला होता, त्याचे डाग पुसले होते. पाहिला असा तो त्या दिवशीच. खांबाशी एक बाई उभी आहे. ती फोटोग्राफरकडे बघत नाहीये, बाजूला कोणी तरी काही तरी बोलतंय तिकडे तिचं लक्ष आहे. मी माझी नेहमीची आठवण काढून पाहिली, जोडवी घातलेले पाय आणि वर लुगड्याचा भिजलेला काठ. या वेळी काठाच्या वर ही बाई होती. हनुवटी बाबांची होती, आणि बाकी कुठलाच हिशेब लागत नव्हता. चेहऱ्यापुरतं बोलायचं तर ही निव्वळ चूक आहे, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? तरी पन्नाशीला आलेल्या मला त्या दिवशी आई हवी होती, अगदी आत्ताच्या आत्ता हवी होती, आणि अशी ती मला पूर्वी कधीच हवी वाटली नव्हती. मी स्क्रीनसमोर तसाच बसून राहिलो. बायको एकदा दारात येऊन बघून गेली.

मग मी कामाला लागलो. फोटो जुन्या परिच्छेदापासून सोडवला आणि आईच्या परिच्छेदाला बांधला. खालची रिकामी चौकट काढून टाकली. नांगर तिथून हलणार नाही अशी सोय असते, ती केली. बाबा यापुढे काहीही वाढवोत, तो फोटो आता तिच्याच मजकुराबरोबर जाणार होता. फोटोखाली तिचं नाव टाइप केलं, आणि फाइल पाठवून दिली.

दोन दिवसांनी मी कारखान्यात असताना छापखानेवाल्याचा फोन आला. तो घाईत होता. "साहेब, छपाईला लावतोय, पण एक घोळ दिसतोय. तुमच्या आईच्या पानावर बाबांचा राणीचा फोटो येऊन बसलाय. फाइल उघडताना सरकला असणार. मागच्या पानावर नेऊन ठेवू?"

"सरकला नाही," मी म्हटलं. "तो आईचा आहे."